रोजचा अंगठा

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातून एका परिचारिकेचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते.

“ताई, मी इथल्या एका खासगी दवाखान्यात 9 वर्षं स्टाफ नर्स आहे. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी नवं काम दिलं. बीपी, शुगर, दमा, हृदय असे जुने आजार असलेले पेशंट घरी गेले की त्यांना व्हॉट्सॲपवरून धरून ठेवायचं. मी एक ग्रुप केला, आज त्यात 61 जण आहेत. रोज सकाळी विचारते, ‘सगळे बरे आहात ना? गोळ्या घेतल्या ना?’ अंगठे येतात. ज्यांचा अंगठा एक दिवसही चुकला नाही, ते 68 वर्षांचे आजोबा मागच्या महिन्यात रात्री दम लागून ॲडमिट झाले. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. मग कळलं, अंगठा आठवीतला नातू दाबायचा. आजोबांचा मुलगा सुरतला असतो. तो सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तुम्हाला रोज रिपोर्ट जात होता ना?’ आजोबा वाचले, पण माझी झोप गेली. दुसरीकडे रात्री अकराला फोन येतात, ‘सिस्टर, एक गोळी वाढवू का?’ घरचे वैतागलेत. हे काम सोडून द्यावं का? आणि फोनवरून नर्सिंग होतं तरी का?”

सिस्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट शोधत होते, की ते आजोबा स्वतः तुमच्याशी शेवटचं कधी बोलले. पत्रात ते कुठेच नाही. चूक काढायचीच तर ती इथं आहे, आणि ती तुमच्या एकटीची नाही. वॉर्डात आपण दारात उभं राहून ‘सगळे बरे ना?’ असं ओरडतो का? खाटेपाशी जातो, चादर बाजूला करतो, पाय बघतो. ग्रुपवरचा तुमचा सकाळचा संदेश म्हणजे दारातून मारलेली हाक होती. वॉर्डात कुणी कण्हत असेल तर दारातूनही ऐकू येतं. इथं तेवढंही नाही.

आणि आपल्या खान्देशात ‘बरं शे’, म्हणजे ‘बरं आहे’, हे तब्येतीचं उत्तर नसतं, तो रामराम असतो. माणूस ताप अंगावर घेऊन कपाशीत वाकलेला असतो आणि बांधावरून कुणी विचारलं तर ‘बरं शे’ म्हणतो. तुम्ही इथल्याच, तुम्हाला हे मी काय सांगू. पण व्हॉट्सॲपवर तेच उत्तर आलं की आपण ते वहीत नोंदवतो, गंमत तिथं आहे.

ही चूक मीही केलेली आहे, आणि तेव्हा हातात मोबाइलही नव्हता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका तालुक्याच्या गावी होते. पायाला जखम असलेल्या एका शुगरच्या बाई घरी गेल्या. त्यांचा भाऊ एसटीत कंडक्टर, त्याची गाडी रोज आमच्या गावावरून जायची. मी हौसेनं त्याला कामाला लावलं. तो रोज निरोप द्यायचा, ‘बहीन बरी शे’, आणि मी वहीत ‘ठीक’ लिहायचे. तीन आठवड्यांनी बाई आल्या तेव्हा पायाचं बोट काळं पडलं होतं. भाऊ खोटं बोलत नव्हता. तो बसस्टँडवर भाच्याला विचारायचा, भाचा म्हणायचा बरी आहे. बहिणीचा पाय दोघांपैकी कुणीच पाहिला नव्हता. त्या वहीतले ते ‘ठीक’ मला अजून दिसतात. तेव्हा झोप गेली म्हणता, ती थोडे दिवस जाईल. जाऊ द्या.

आता तुमचा मोठा प्रश्न. फोनवरून नर्सिंग होतं का? होतं, आणि ते तपासून पाहिलेलं आहे. अर्जेंटिनात हृदय कमकुवत झालेल्या 1,518 पेशंटवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2005 साली आले. त्यातल्या निम्म्यांना प्रशिक्षित नर्स घरी फोन करायच्या. साधा फोन, व्हॉट्सॲप अजून जन्मायचं होतं. सुरुवातीला पंधरवड्याला एक फोन, पुढे तब्येतीप्रमाणे कमी-जास्त. विचारायचं ठरलेलं असायचं: खाणं काय चाललंय, गोळ्या घेतल्या का, दम आणि थकवा किती, वजन वाढलंय का, पाय सुजलेत का, रोजचं हिंडणं-फिरणं किती. या गटातले पेशंट हृदयासाठी पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण बरंच कमी झालं.

दुसरी चाचणी अमेरिकेतली, 2010 ची. तिथं 1,653 पेशंट होते. त्यातल्या निम्म्यांनी रोज एका नंबरवर फोन लावायचा, यंत्र प्रश्न विचारणार, यांनी बटणं दाबून उत्तरं द्यायची, ती दवाखान्यातली माणसं बघणार. सहा महिन्यांनी हिशोब केला तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत आणि यांच्यात काहीच फरक नाही. यांच्यातल्या 14 टक्के लोकांनी तर तो नंबर एकदाही लावला नव्हता.

आता सांगा, ती बटणं आणि तुमच्या ग्रुपवरचे अंगठे यांत काय फरक आहे? पहिल्या चाचणीतलं यंत्र साधं होतं, पण पलीकडे कान लावून बसलेली बाई होती. म्हणून काम सोडू नका. अंगठे सोडा.

मग विचारायचं काय? ज्याचं उत्तर ‘बरं शे’ असं देताच येणार नाही, ते विचारा. हृदयाच्या पेशंटला ‘दम लागतो का’ विचारू नका, तो नाहीच म्हणणार. ‘काल रात्री उशाला किती उशा घेतल्या?’ विचारा. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, की फुप्फुसात पाणी साचायला लागलंय असं धरून चाला. ‘पाय सुजलेत का’पेक्षा ‘चप्पल पायमा बसस का?’ (चप्पल पायात बसते का) हा प्रश्न शंभर पटींनी चांगला, आणि तो अहिराणीतच विचारा. संडासला जाऊन येताना मधे थांबावं लागतं का. रात्री दम कोंडून उठून बसावं लागलं का. आणि खाण्याचं विचारायचं तर ‘मीठ कमी करता ना’ हा फुकटचा प्रश्न आहे. ‘काल शेवभाजी होती का? पापड किती, बिबडे किती, ठेचा किती?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं. माणूस मीठ कमी केलं म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर भाजीतलं मीठ असतं, पापडातलं नसतं.

गोळ्यांबद्दल तर विचारूच नका, पाकिटाचा फोटो मागवा. दर सोमवारी रिकामी भोकं मोजा. सात हवीत आणि चार असली तर रागावू नका, फोन करून कारण काढा. बहुतेक वेळा कारण पैशाचं असतं, नाहीतर ‘पाण्याच्या गोळीने सारखं लघवीला लागतं, शेतात जायचं असतं’ असं असतं. दुसऱ्या अडचणीवर गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारून सांगता येतं. अंगठा दाबून ते कधीच कळलं नसतं.

वजन हा मुख्य आकडा. सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहाआधी, रोज त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. तीन दिवसांत 2 किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नसते, ते पाणी असतं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं असतं. तुमच्या आजोबांच्या पायातलं पाणी एका रात्रीत आलेलं नाही. काटा असता तर दोन-चार दिवस आधी बोलला असता. घरी काटा नसेल तर घ्यायला लावा. कापूस मोजायच्या काट्यावर उभं राहून चालेल का, असं मला एका गावात विचारलं होतं. चालतं, पण तो काटा दिवाळीनंतर जिनिंगच्या दारात असतो आणि आजोबा ओसरीवर.

आवाजाचं महत्त्व मी मुद्दाम वेगळं सांगते. टाइप केलेल्या मेसेजमध्ये श्वास ऐकू येत नाही. फोन लावा आणि गप्पा मारा. माणूस एक वाक्य सलग बोलतो की मधे हवा घेतो ते कान देऊन ऐका. शंका आली तर एका दमात एकपासून वीसपर्यंत मोजायला सांगा. मागच्या आठवड्यात वीसपर्यंत गेलेला माणूस आज अकराला थांबला, तर त्याला लगेच दवाखान्यात बोलवा. ही काही पक्की तपासणी नव्हे, पण तुमचे कान टवकारायला पुरेशी आहे. तुमच्याकडे वरून, सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडून येणारे पावरा, भिल्ल पेशंट असतील. त्यांच्याशी मराठीत बोलाल तर ते फक्त ‘हो’ म्हणतील. तिथं आशाताईला फोनवर सोबत घ्या. नेट नसतंच, तर वाट बघू नका, त्यांच्या बाजाराच्या दिवशी माणूस रेंजमध्ये येतो तेव्हा साधा फोन करायचा असं आधीच ठरवा. आणि शहाद्याला यायचं भाडं ज्यांना झेपत नाही त्यांना जवळचं आयुष्मान आरोग्य मंदिर सांगा. तिथून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं करून देतात, त्याला पैसे लागत नाहीत.

यावरून पुढचा मुद्दा: फोन कोणाचा आहे? आपण म्हणतो ‘पेशंटचा नंबर’. पेशंटचा नंबर क्वचितच पेशंटचा असतो. तो मुलाचा असतो आणि सकाळी सातला मुलासोबत शेतात जातो, नाहीतर नातवाचा असतो आणि त्यात गेम चालू असते. निळी टिक म्हणजे फोनने संदेश पाहिला, म्हाताऱ्याने नव्हे. डिस्चार्जच्या वेळी कार्डावर चार ओळी लिहून घ्या. फोन कोणाचा, घरात कधी असतो, वाचता कोणाला येतं, पेशंटला ऐकू नीट येतं का. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळचा फोन वाया जातो, संध्याकाळी सहा-साडेसहाला लावा.

61 जणांना कसं पुरं पडणार, हे तुमच्या मनात आलं असेलच. रोज सगळ्यांना फोन करायचाच नाही. नुकतेच घरी गेलेले हृदयाचे, इन्सुलिन नवीन सुरू झालेले, ऑक्सिजनवरून सुटलेले, यांना पहिले पंधरा दिवस दिवसाआड फोन. मधले आठवड्याला. ज्यांचं बीपी वर्षभर आटोक्यात आहे त्यांना महिन्यातून एक. म्हणजे दिवसाला पाच-सहा फोन, जेमतेम तासाभराचं काम. पण तो तास ड्यूटीत धरला पाहिजे, सलाइन लावता लावता खांद्यात फोन दाबून नव्हे. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा.

त्यांना आणखी एक सांगा. दवाखान्याचा वेगळा फोन आणि वेगळं सिम. तुमचा खासगी नंबर पेशंटकडे आहे, तिथंच तुमच्या घरच्यांच्या वैतागाचं मूळ आहे. त्या वेगळ्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. त्यात ठरावीक वेळेनंतर आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. संध्याकाळी आठनंतर जो कुणी लिहील त्याला जाईल: ‘आता सिस्टर ड्यूटीवर नाहीत. तातडीचं असेल तर 108 लावा किंवा दवाखान्याच्या नंबरवर फोन करा.’ फोन नाइटच्या सिस्टरकडे राहील, तुमच्या उशाशी नाही. तुमचे घरचे बरोबरच बोलतायत, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

आणि डिस्चार्ज फाइलवर जाड मार्करने लिहा, कोणत्या वेळी मेसेज करायचाच नाही. बसल्या जागी दम, छातीत दाब किंवा कळ, तोंड वाकडं, बोलण्यात अडखळ, एका बाजूचा हात-पाय लुळा, माणूस शुद्धीत नाही. फोटो नको, व्हिडिओ नको, सिस्टरला ऑनलाइन दिसतात का ते बघायचं नको, थेट 108. लोक आधी फोटो पाठवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. मोबाइलने केलेलं हे नुकसान कुणी फारसं बोलत नाही.

‘एक गोळी वाढवू का’ या प्रश्नाचं उत्तर एकच: ‘डॉक्टरांना विचारून सांगते, तोवर आहे तशीच घ्या.’ अर्जेंटिनातल्या त्या नर्सना पाण्याच्या गोळीत फेरफार करायची मुभा होती, आपल्याला नाही. 25 मार्च 2020 ला देशात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात औषध लिहायचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच आहे. नर्स मधला दुवा होऊ शकते. तेव्हा तारीख, वेळ, पेशंट काय म्हणाला, तुम्ही डॉक्टरांना कधी सांगितलं, ते काय म्हणाले, हे पाच रकान्यांचं रजिस्टर ठेवा. व्हॉट्सॲप चॅट म्हणजे रजिस्टर नव्हे, फोन पाण्यात पडला की ते गेलं. त्या सुरतच्या मुलाने विचारलं तेव्हा तुमच्याकडे रजिस्टर असतं तर बोलणं वेगळं झालं असतं.

एका बाबतीत मात्र कुणाला विचारत बसायचं नाही. शुगरची औषधं घेणाऱ्या माणसाला घाम सुटला, हात थरथरतायत, डोक्यात गोंधळ होतोय, आणि मशीनवर 70 च्या खाली आकडा आहे किंवा मशीनच नाही, तर तो शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, 108. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, सुनेला तर हवंच.

तो ग्रुप आजच बंद करा. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. 61 जणांचे नंबर, कुणाची शुगर 320, कुणाला फिट येते, हे सगळं एकमेकांना दिसतंय. आपल्याकडे गाव किती लहान असतं! तुमच्या जिल्ह्यात सिकलसेलचे, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचे, पेशंट आहेत. एखाद्या मुलीचा रिपोर्ट चुकून ग्रुपवर गेला तर तिच्या सोयरिकीची चर्चा पाराखाली सुरू होते, आणि ती थांबवायला कुठलं डिलीटचं बटण नसतं. सगळ्यांना एकच सूचना द्यायची असेल तर ब्रॉडकास्ट यादी वापरा, प्रत्येकाला ती एकट्याला आल्यासारखी दिसते. मात्र ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच ती पोचते, म्हणून डिस्चार्जच्या वेळी नंबर त्यांच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या. त्या यादीवर काय पाठवायचं तेही मोजकंच. उन्हाळा लागला की इन्सुलिनचं पाठवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, लाइट जाते, मग फ्रिजचा उपयोग नाही. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूवरच्या मडक्यात, सावलीत ठेवायची. बर्फात कधीच नाही. कानबाईच्या सणातल्या रोटांचं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आमरसाचंही सणाच्या आदल्या दिवशी पाठवा, नंतर पाठवून काय होतं? ‘गुड मॉर्निंग’ मात्र नको.

सुरतच्या मुलाबद्दल. तो तुमच्यावर ओरडला, कारण त्याला दुरून काहीच करता येत नव्हतं. त्याला काम द्या. आजोबांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच, त्याला एक काम द्यायचं. रोज रात्री आठला त्याने बापाला फोन करून वजन विचारायचं आणि वाढलं तर दवाखान्याच्या नंबरवर कळवायचं. बोलणं मात्र तुम्ही आधी आजोबांशी करा, मग मुलाशी. आपण पेशंटला वगळून त्याच्या मुलांशी बोलायला फार लवकर शिकतो.

आणि महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जा, किंवा आशाताईला पाठवा. पायावर बोट दाबून खड्डा पडतो का ते फोनला कळत नाही. औषधांच्या डब्यात मागच्या वर्षीच्या गोळ्या या वर्षीच्यांत मिसळल्यात, हेही कळत नाही.

त्या नातवाला कुणी रागावलं असेल तर आधी ते थांबवा. आठवीतलं पोरगं, त्याला ‘आजोबा बरे आहेत ना’ विचारलं, त्याने अंगठा दाबला. तुम्ही विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. आजोबा घरी आले की पहिला फोन त्यालाच करा. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी आजोबांना काट्यावर उभं करायचं आणि वरून एक फोटो काढून पाठवायचा. आकडा स्पष्ट दिसला पाहिजे आणि आजोबांच्या पायांची बोटं पण. बोटं का, असं तो विचारेल. तेव्हा त्याला सूज कशी ओळखायची ते दाखवा.

तुमची,
सिस्टर ताई
(निवृत्त परिसेविका, जळगाव)